सही न करणारा वाचक

आमचे ग्रंथपाल पुस्तक कधी कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. टेबलावर ठेवायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि वाचकाने रजिस्टरमध्ये नाव, गाव, वेळ, कारण आणि सही असे पाचही रकाने भरेपर्यंत पुस्तकाकडे बघत उभे राहायचे. सही झाली की एका बोटाने पुस्तक वाचकाकडे सरकवायचे. निलंग्याच्या आमच्या वाचनालयात तीसेक वर्षं हे असंच चाललं. मी तिथे कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि रोज संध्याकाळी वाचनालयात जात होते. नंतर वाचनालयाच्या समितीवरही आले. तरी एकदा घाईत 'कारण' हा रकाना मी रिकामा सोडला, तेव्हा त्यांनी पुस्तक जागचं हलवलं नाही.

"मॅडम, कामून आलात ते लिहा."

"वाचायला आले. दुसरं काय?"

"मग तसं लिहा. उद्या कुणी विचारलं, ह्या बाई हितं काय करत होत्या, तर मी काय सांगू?"

मुलांनो, मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही मला हसलात. इंटरनेटवर सापडलं नाही म्हणजे ते नाहीच, असं मी कधी म्हणत नाही, त्यावरून. त्याला कारण हे आमचे ग्रंथपाल. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मधेच "हो आजी, कळलं" म्हणाला असता, म्हणून लिहून काढते आहे.

अंगाने किडकिडीत, पांढरा पायजमा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. एक निळं आणि एक लाल. जुन्या कागदाला हात लावण्याआधी ते साबणाने हात धुवायचे, स्वतःच्या पंच्याला पुसायचे आणि मग तळवे नाकाशी धरून साबणाचा वास गेला की नाही ते बघायचे. गावात लग्न असलं की पत्रिका दोन मागून घ्यायचे, लग्नाला मात्र जायचे नाहीत. एक पत्रिका घरच्यांसाठी आणि दुसरी मागच्या खोलीसाठी.

ही मागची खोली म्हणजे त्यांचा जीव. वाचनालयाची पुस्तकं पुढच्या दालनात असत. मागच्या खोलीत असायचं ते त्यांनी रद्दीवाल्यांकडून, मोडक्या पेट्यांतून, कुणाच्या माळ्यावरून उचलून आणलेलं. निजामाच्या काळातली उर्दू आणि मराठी साप्ताहिकं, उदगीर-देगलूरकडच्या जत्रांची हस्तपत्रकं, नाटकांच्या जाहिराती, बंद पडलेल्या शाळांचे वार्षिक अंक. उर्दू ते वडिलांकडून शिकले होते. प्रत्येक कागदाचं एक कार्ड, प्रत्येक कार्डावर त्यांचं बारीक, सरळ अक्षर. त्या खोलीत वाचकाला प्रवेश नव्हता. काय हवं ते सांगायचं, ते आत जाणार, घेऊन येणार. कार्डांची पेटीसुद्धा आतच.

"पण आत काय आहे ते कळल्याशिवाय माणूस मागणार काय?" मी एकदा विचारलं.

"ज्याला पाहिजे असतंय त्याला ठाऊक असतंय."

एकदा तपासणीला एक मोठे साहेब आले आणि बोलता बोलता सरळ मागच्या खोलीकडे निघाले. ग्रंथपाल आडवे आले नाहीत, नुसते दारात रजिस्टर उघडून उभे राहिले. साहेब म्हणाले, "अहो, मी तपासणीला आलोय." हे म्हणाले, "बरोबर हाय. कारणाच्या रकान्यात 'तपासणी' लिहा." साहेबांनी हसत लिहिलं. सही केल्यावर त्यांना आत सोडलं, पण आधी हात धुवायला लावले.

असा माणूस वेबसाइट काढेल असं कुणाला वाटलं नसतं. पण काढली. माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा नांदेडला एका कॉलेजात संगणक शिकवते. शाळेत असताना ती ह्याच वाचनालयात वाढली. तिने सुट्टीत येऊन ती बांधून दिली, ह्यांना शिकवली आणि परत गेली. मागच्या खोलीतलं एकेक कार्ड त्यांनी स्वतः फोटो काढून तिथे चढवलं. वर्षभर रोज सकाळी ते काम. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, खोलीचं दार उघडलं.

मग गेल्या दिवाळीनंतर समितीची बैठक झाली. आमचे सचिव खताच्या दुकानाचे मालक, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "मॅडम, पोरं बस स्टँडच्या बाकड्यावर बसून परीक्षेचा अभ्यास करायलेत. वर ट्यूबलाइट उघडझाप करायली. आणि आपण एक अख्खी खोली कागदाला देऊन बसलोत. तिथं अभ्यासिका करू."

"आणि कागद?" ग्रंथपालांनी विचारलं.

"ज्याला पाहिजे त्यानं न्यावं. राहिलं ते रद्दी."

"लोक येतील बघायला. आता वेबसाइट हाय."

"वर्ष झालं वेबसाइटला. किती आले?"

ग्रंथपाल टेबलावरचं रजिस्टर सरळ करायला लागले. सचिव जरा नरमले. "असं करू. मार्चअखेरपर्यंत बाहेरचा एक माणूस दाखवा, जो त्या कागदासाठी म्हणून निलंग्याला आला. एक. आला तर खोली तुमची. न्हाई तर एक एप्रिलला सुतार."

हात वर करायचे होते. मी वर केला. हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण बाकीचं सांगून हे लपवणं बरं नाही. मला त्या खोलीत धूळ दिसत होती आणि बाकड्यावर बसलेल्यांत माझ्या विद्यार्थ्यांची मुलं होती. ग्रंथपालांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि बैठकीच्या वहीत ठराव स्वच्छ अक्षरात लिहून घेतला. अनुमोदक म्हणून माझं नावही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले. तीस वर्षांत पहिल्यांदा. चहाला नको म्हणाले.

"मॅडम, तुमच्या फोनमध्ये आपलं वाचनालय शोधून बघा बरं."

मी नाव टाकलं. निलंग्यातला एक शिकवणी वर्ग आला, मिठाईचं दुकान आलं, वाचनालयाच्या गल्लीतला दवाखानासुद्धा आला. वाचनालय नाही. मी एका साप्ताहिकाचं पूर्ण नाव टाकलं, वर्षासकट. नाही. मग वेबसाइटचा अख्खा पत्ता अक्षर अक्षर टाकला, तेव्हा ती उघडली.

"म्हणजे हाय तर," ते म्हणाले.

"आहे. पण ज्याला पत्ता पाठ आहे त्याच्यासाठीच."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पान वर-खाली करून बघितलं. मग म्हणाले, "मी रोज एकेक चढवलं मॅडम. रोज. ते कुणाला दिसतच नव्हतं?"

आदल्या दिवशी वर केलेला हात मला मांडीवर जड लागायला लागला. मी त्यांच्यासमोरच सुनंदाला फोन लावला.

ती रविवारी नांदेडहून सकाळच्या एसटीने आली. वाचनालयाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. त्याआधी सही केली, कारण 'दुरुस्ती'. एक एक पान उघडून बघत होती आणि तिच्या कपाळावरची आठी वाढत होती.

"काका, ही सगळी कार्डं फोटो म्हणून टाकलीत?"

"हाव. माझं अक्षर वाचता येत न्हाई का?"

"मला येतं. तुमचं अक्षर मला झोपेत वाचता येईल. पण यंत्राला फोटोतलं, त्यात हातानं लिहिलेलं, वाचायला जड जातं. त्याला टाइप केलेले शब्द लागतात. आणि हे बघा, प्रत्येक पानाचं नाव 'वाचनालय'. सगळ्याच पानांचं. ओळखायचं कसं कोणतं काय?"

"नंबर हाय की खाली."

"आणि पहिल्या पानावरून ह्या पानांवर जायला वाटच नाही. सुरुवातीची काही पानं मी जोडून दिली होती, त्यानंतर वर्षभरात एकाही पानाला कुठून जोडलं नाही तुम्ही."

"वाट कशाला? नंबर सांगायचा, पान उघडायचं."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं. मागची खोली, जशीच्या तशी, त्यांनी इंटरनेटवर उभी केली होती. दारासकट.

"हे सगळं असलं तरी," सुनंदा म्हणाली, "निदान पहिलं पान तरी सापडायला पाहिजे होतं. वाचनालयाचं नावसुद्धा येत नाही म्हणजे अजून काहीतरी आहे. काका, मी तुम्हाला येणाऱ्या-जाणाऱ्यांची यादी बघायला शिकवलं होतं. बघता का?"

ते उठले आणि कपाटातून एक बांधीव रजिस्टर घेऊन आले. साइटवर कोण आलं, ते रोज सकाळी ह्या रजिस्टरमध्ये उतरवून काढत होते. नाव, गाव, वेळ, कारण, सही. बहुतेक रकाने रिकामे, कारण संगणकाच्या यादीत कसलं कारण आणि कसली सही. सुरुवातीच्या पानांवर मात्र एकाच पाहुण्यापुढे लाल शाईत शेरे होते. नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ, आणि पुढे: 'भलत्या वेळी आला.' 'पान उघडले, वाचले नाही.' 'एका मिनिटात चार पाने.' 'बेशिस्त.' आणि साइट सुरू झाल्यानंतर साधारण महिन्याभराने शेवटची नोंद: 'मनाई केली.'

"हा कोण हो?" मी विचारलं.

"एक यायचा. नाव न्हाई, गाव न्हाई, कवाही यायचा. पान उघडलं की लगेच दुसरं. वाचणारा माणूस असं करत नसतो मॅडम. मला वाटलं चोर हाय, आपल्या कार्डांची नक्कल करून राहिला. सुनंदानं शिकवलं होतं नको असलेल्या पाहुण्याला बंद कसं करायचं ते. तर केलं बंद. त्याच्यासारखे अजून दोघं-तिघं होते, त्यांनाही केलं."

सुनंदाने लॅपटॉप हळूच थोडा लांब सरकवला. ती चिडली नाही. शिक्षिका आहे, आधी समोरच्याला किती कळलंय ते बघते.

"काका, लोक फोनवर काही शोधतात तेव्हा सर्च इंजिन जगभर धावत नाही. त्याच्याकडे आधीच तयार केलेली एक यादी असते, त्यात बघून सांगतं. तुमच्या कार्डांच्या पेटीसारखी. त्या यादीत नाही ते कुणाला दिसत नाही. आणि ती यादी करायला त्यांचा एक प्रोग्राम हिंडत असतो. ह्या पानावरून त्या पानावर. तो थांबून वाचत नाही, टिपून घेतो आणि पुढे जातो."

ग्रंथपालांनी लाल शेऱ्यांवर बोट ठेवलं.

"हा?"

"हाच."

"म्हणजे हा कार्डं करायला आला होता."

"हो."

"माझ्यासारखाच."

ते उठून मागे गेले. नळाचा आवाज आला. बराच वेळ हात धुवत होते. बाहेर आले तेव्हा पंचा खांद्यावरच होता आणि हात ओले. "मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही हात वर केला त्याचं मला वाईट वाटलं होतं. पण खोलीला कुलूप मीच लावलेलं हाय."

मनाई उठवायला सुनंदाला दोन मिनिटं लागली. बाकीच्याला आम्हाला जवळजवळ दोन महिने लागले. तिने सांगितल्याप्रमाणे प्रत्येक कार्डावरचा मजकूर टाइप करायचा, प्रत्येक पानाला त्याचं खरं नाव द्यायचं आणि पहिल्या पानावर यादी करून सगळ्यांना जोडून घ्यायचं. ते वाचून दाखवायचे, मी टाइप करायची. गावांची आणि माणसांची नावं मराठीच्या खाली इंग्रजी लिपीतही घालायची ही कल्पना माझी. ग्रंथपालांना ती आवडली नाही. "आपल्या कागदाला इंग्रजी शेपूट कशाला?" मी म्हटलं, ह्या भागातली माणसं कुठे कुठे गेली, त्यांच्या नातवंडांना कोणती लिपी येते तुम्हाला माहीत आहे का? तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही दोघं होतात; मराठी वाचता, पण शोधता सगळं इंग्रजीत. ते म्हणाले, "घाला. पण छोट्या अक्षरात."

फेब्रुवारी संपत आला तरी फोनवर वाचनालय दिसेना. सुनंदा म्हणायची, "मॅडम, यादीत घ्या असं आपण कळवू शकतो, हुकूम सोडू शकत नाही. ते येतील तेव्हा येतील. आणि आले तरी सगळी पानं घेतीलच असंही नाही." ग्रंथपाल सकाळी यादी उघडायचे आणि मला फोन करायचे. पुढे पुढे "नमस्कार" सुद्धा म्हणेनात. नुसतं, "न्हाई आला."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एकदा फोन आला. ह्या वेळी म्हणाले, "आला. साताठ पानं उघडून गेला." मी विचारलं, किती वेळ होता? म्हणाले, "एवढ्या घाईत होता बिचारा, विचारू नका."

चार-पाच दिवसांनी माझ्या फोनवर वाचनालयाचं नाव उमटलं. दवाखान्याच्या खाली, पण उमटलं. मग साप्ताहिकं दिसायला लागली. सगळी नाही, पण बरीच. मात्र दिसणं वेगळं आणि कुणी निलंग्याला येणं वेगळं. मार्चचे दिवस एकेक करून जात होते. सचिव भेटले की मी रस्ता ओलांडून पलीकडे व्हायची.

शेवटच्या आठवड्यात वाचनालयात हैदराबादहून एका बाईंचा फोन आला. त्यांची आजी बिलोलीला मुलींच्या शाळेत शिकली होती. आजीचं माहेरचं नाव त्यांनी इंग्रजीत टाकून बघितलं होतं, सहजच, दरवर्षी आजीच्या तिथीला बघायच्या तसं. ह्या वेळी काहीतरी आलं: त्या शाळेचा एक वार्षिक अंक आणि त्यात त्या नावाच्या मुलीचा निबंध. "वो कागज़ अभी है क्या जी आपके पास?" त्यांनी विचारलं. ग्रंथपाल म्हणाले, "हाय. पण टपालानं देता येत न्हाई. यावं लागतंय."

मला ते कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. अहो, फोटो पाठवून द्यायचा ना. पण त्यांचा कायदा तो कायदा, आणि त्याच कायद्याने त्या बाईंना निलंग्याला आणलं.

त्या आल्या तेव्हा मार्चचे दोन दिवस उरले होते. साठीच्या आसपासच्या, खांद्याला कापडी पिशवी, उन्हाने लाल झालेल्या. घरात तेलुगू आणि हिंदी. मराठी कळत होतं, वाचता येत नव्हतं. सही केली. कारणाच्या रकान्यात काय लिहू असं त्यांनी विचारलं तर ग्रंथपाल म्हणाले, "आजी लिहा."

त्याच वेळी सचिव सुताराला घेऊन मापं घ्यायला आले. एक एप्रिलची तयारी. दारात आले आणि थांबले, कारण आत ग्रंथपाल उभे राहून मोठ्याने वाचत होते. त्या वाचनालयात मोठ्याने वाचलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. निबंध लहानसाच होता, शाळेच्या विहिरीवर. विहिरीला कठडा नाही, म्हणून बाई आम्हाला जवळ जाऊ देत नाहीत. पण पाणी कसं दिसतं ते आम्हाला बघायचं आहे. मोठी झाल्यावर मी कठडा बांधीन आणि मग सगळ्या मुली वाकून बघतील. खाली नाव आणि इयत्ता.

बाई अंकावर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

"ह्या कुठल्या?" सचिवांनी हळू आवाजात मला विचारलं.

"हैदराबादच्या. कागदासाठी आल्यात."

"कुणी ओळखीनं बोलावलं?"

"कुणी नाही. शोधलं, सापडलं, आल्या."

सचिवांनी हातातली टेप खिशात घातली. बाई ग्रंथपालांना म्हणाल्या, "एक बार और पढ़ते क्या जी?" ते परत पहिल्या ओळीपासून सुरू झाले, विहिरीपासून. सचिवांनी आवाज न करता एक स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, अभ्यासिका गच्चीवर पत्रे टाकून करू. सुताराला वर नेऊन दाखवता का? मला हे ऐकू द्या."

गुडघ्यांमुळे दोन वर्षं मी त्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी मी सुताराच्या पुढे होते.